वॉर्डात शिकवताना मूल्यं कृतीत कशी आणायची
बेडसाइड क्लिनिकआधी, म्हणजे रुग्णाच्या कॉटपाशी विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या तासाआधी, एका वाक्यात लिहून काढा: कशात मी तडजोड करणार नाही? उत्तर ‘रुग्णाची संमती’ असेल, तर तिच्यासाठी वेळही राखून ठेवा.

सोलापूरच्या वॉर्डात मराठीसोबत तेलुगू, कन्नडही कानावर पडते. ती भाषा येणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे करा. “मावशी, या मुलांनी तुमचं बीपी तपासलं तर चालेल का?” नकार आला तर खरंच पुढच्या कॉटकडे जा. कॉटभोवती पाच-सहाच जण हवेत.

सॅनिटायझरने हात आधी तुम्ही चोळा, 20 ते 30 सेकंद, सगळ्यांसमोर. मग बीपी: रुग्ण 5 मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, कफ (बीपी यंत्राचा दंडावर गुंडाळायचा पट्टा) उघड्या दंडावर. कफ लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो. घाईत शिक्षकानेच ब्लाउजच्या बाहीवरून कफ बांधला की चेकलिस्ट वाया गेली. मुलं तेच उचलतात.

चुकलेल्याला रुग्णासमोर झापू नका. कॉरिडॉरमध्ये विचारा, “कुठे अडलं?” एकच दुरुस्ती सांगा, लगेच पुन्हा करून घ्या. बोलणी खाल्लेली मुलं पुढे चूक लपवतात, आणि डोसमधली लपवलेली चूक रुग्णाला भोवते.