कूलंट फेकण्याआधी: या चुका टाळा

कूलंट म्हणजे धातू कापताना मशीनवर सोडायचं पाणी आणि तेलाचं मिश्रण. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतल्या शेडमधून ‘खराब झालं’ म्हणून उपसलं जाणारं बरंचसं कूलंट वापरून संपलेलं नसतं. चुकीच्या पाण्याने आणि वर साचलेल्या तेलाने ते नासलेलं असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पातळी उतरली की पाइप लावून नुसतं पाणी सोडणं. 200 लिटरच्या टाकीत 6 टक्क्यांचं 150 लिटर कूलंट उरलंय, म्हणजे त्यात कूलंटचं मूळ तेल 9 लिटर आहे. वर 50 लिटर साधं पाणी टाकलं की प्रमाण थेट साडेचार टक्क्यांवर येतं. जॉब (मशीनवर कापला जाणारा धातूचा तुकडा) गंजतो, जिवाणू वाढतात. त्याऐवजी बादलीत 47 लिटर पाणी घ्या, ढवळत त्यात 3 लिटर तेल सोडा, मग टाकीत ओता. तेलात पाणी ओतलं तर मिश्रण फाटतं. मे महिन्यात मात्र पाणी उडून प्रमाण 8 टक्क्यांवर गेलेलं असू शकतं; तेव्हा तेवढंच साधं पाणी बरोबर ठरतं. म्हणून आधी रिफ्रॅक्टोमीटर (प्रमाण मोजायचं छोटं उपकरण), मग बादली. आणि दिसणारा आकडा म्हणजे टक्के नव्हेत: कूलंटच्या माहितीपत्रकातल्या गुणकाने गुणा. आकडा 4, गुणक 1.5, तर प्रमाण 6.

बोअरचं पाणी आपल्याकडे जड. पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात आणि प्रत्येक भरणीला वाढत जातात. पृष्ठभागावर साबणासारखा चिकट थर दिसला की समजा, क्षारांनी मिश्रण फोडायला सुरुवात केलीय. भरणीला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. पहिली भरणी मात्र निव्वळ आरओच्या पाण्याने केली तर फेस फार येतो. थोडं साधं पाणी मिसळा.

सुट्टीनंतर मशीन सुरू करताना कुजका वास येतो ना? मशीनच्या स्लाइडवेचं (सरकत्या भागांच्या पट्ट्यांचं) आणि हायड्रॉलिकचं तेल गळून कूलंटवर साय धरतं, खाली हवा पोचत नाही. पंप सुरू करण्याआधीच, तेल स्थिर तरंगत असताना, बेल्ट स्किमर (वरचं तेल पट्ट्याने ओढून काढणारं यंत्र) चालवा. पंप फिरला की ते तेल घुसळून आत मिसळतं आणि मग निघत नाही. लांब सुट्टीत मत्स्यटाकीचा छोटा हवापंप टाकीत सोडून ठेवला तरी फरक पडतो.

चिप्स (कापताना निघालेला धातूचा कीस) थेट भंगारात टाकू नका. जाळीच्या ट्रॉलीत रात्रभर निथळू द्या. निथळलेलं गाळून टाकीत परत घ्या.

बदलायची वेळ आलीच तर तळाचा गाळ ठेवून नवं भरू नका, जुने जिवाणू नव्यालाही नासवतात. आधी चालू कूलंटमध्येच सिस्टिम क्लीनर (टाकी आणि पाइप साफ करणारं रसायन) घालून माहितीपत्रकात दिलाय तेवढा वेळ फिरवा, मग उपसा, गाळ खरवडा, धुवा.

उपसलेलं नाल्यात सोडणं गुन्हा आहे. स्किमरचं तेल आणि फाटलेलं कूलंट वेगवेगळ्या बॅरलमध्ये ठेवा, 90 दिवसांच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानाधारकाकडे द्या आणि मॅनिफेस्टची (कचरा सोपवल्याच्या नोंदपत्राची) प्रत जपून ठेवा.