जॉर्जियातील गव्हर्नरपदाच्या जुन्या निवडणुकांचे निकाल कसे वाचावेत

अमेरिकेतील गव्हर्नर आपल्या राज्यपालांप्रमाणे नेमला जात नाही, त्याला मतदार निवडून देतात. तरीही जॉर्जिया राज्यात 1872 पासून 2003 च्या प्रारंभापर्यंत हे पद अखंड डेमोक्रॅटिक पक्षाकडेच राहिले. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील निकाल अभ्यासताना नोव्हेंबरातील सार्वत्रिक निवडणुकीऐवजी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीचा तक्ता आधी घ्यावा, कारण खरी लढत तिथेच होई.

त्यानंतर मतदार कोण होते, हे तपासावे. 1946 पूर्वी ही प्रायमरी केवळ गोऱ्यांसाठी होती. न्यायालयांनी ती बंदी मोडल्यानंतरच्या मतदानाची आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये.

सर्वांत जास्त वेळ मात्र काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) युनिट मतांना द्यावा. 1917 च्या कायद्यानुसार सर्वांत मोठ्या 8 काउंट्यांना प्रत्येकी 6, पुढील 30 ना प्रत्येकी 4 आणि उरलेल्या 121 ना प्रत्येकी 2 अशी एकूण 410 युनिट मते होती, आणि काउंटीत पहिला येणारा तेथील सर्व मते घेऊन जाई. 1960 च्या जनगणनेनुसार अटलांटा शहराच्या फुल्टन काउंटीत साडेपाच लाखांहून अधिक लोक होते, तर एकोल्समध्ये अवघे 1,876. तरीही एकोल्ससारख्या तीन काउंट्या मिळून फुल्टनच्या बरोबरीला येत. म्हणूनच 1946 च्या प्रायमरीत जेम्स कारमायकल यांना सुमारे 16 हजार मते जास्त पडूनही युजीन टॅलमेज 242 विरुद्ध 146 युनिट मतांनी जिंकले. तुल्यबळ प्रतिस्पर्धी पक्षच नसल्याने या अन्यायावर नोव्हेंबरात दाद मागण्याची सोयही नव्हती.

याच वर्षापुरता नोव्हेंबरचा तक्ताही बारकाईने पाहावा. शपथविधीपूर्वीच टॅलमेज वारले, आणि मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून मिळालेल्या मोजक्या मतांच्या आधारे विधिमंडळाने त्यांचा मुलगा हर्मन याला गव्हर्नर केले. टॅलमेज यांच्या टेलफेअर काउंटीतून ऐनवेळी ‘सापडलेल्या’ मतांत मृतांची नावे होती आणि काही मतदारांनी म्हणे वर्णानुक्रमाने मतदान केले होते! मार्च 1947 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे पद उपगव्हर्नर म्हणून निवडून आलेल्या एम. ई. थॉम्पसन यांना दिले.

1962 च्या प्रायमरीपासून मात्र एकूण मतसंख्याच ग्राह्य धरावी, कारण त्या वर्षी न्यायालयाने युनिट पद्धत अडवली आणि 1963 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या घटनाबाह्यतेवर शिक्कामोर्तब केले.