व्हर्जिनियातल्या लॉनमधली हरळी: कधी मारायची आणि नंतर काय पेरायचं

जुलै लागला की उत्तर व्हर्जिनियातल्या आमच्या लाउडन काउंटीमधल्या मराठी मंडळींकडून मला एकाच तऱ्हेचे फोटो येतात. फेस्क्यू या इथल्या नेहमीच्या गवताचं लॉन मलूल झालेलं, आणि ड्राइव्हवेच्या कडेने बारीक पानांचं, राखाडी-हिरवं गवत जमिनीला धरून पसरलेलं. ही हरळी. इकडे तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. मी निफाडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरातली, त्यामुळे हिची माझी ओळख लहानपणापासूनची, आणि इथलं लॉनही मी स्वतःच राखते. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहिते.

आधी हे समजून घ्या की या दोन गवतांचे हंगाम उलटे आहेत. टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास, रायग्रास ही थंडीतली गवतं. साधारण ६० ते ७५ अंश फॅरेनहाइटला ती खुशीत वाढतात. हरळीला ८० ते ९५ अंश लागतात. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये फेस्क्यू कसाबसा जीव धरून असतो, तेव्हा हरळी धावत असते. नोव्हेंबरात कडक दहिवर (गोठलेलं दव, फ्रॉस्ट) पडलं की ती गवताच्या पेंढीसारखी पिवळी होऊन झोपते आणि एप्रिल-मेपर्यंत उठत नाही. व्हर्जिनिया, मेरीलँड, उत्तर कॅरोलिना हा पट्टा असा आहे की इथे दोन्ही जगतात आणि दोघांनाही हवामान पुरतं मानवत नाही. म्हणून भांडण इथेच सगळ्यात जास्त. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या उलट्या हंगामावर बेतलेलं आहे. ती जागी असताना तिला मारायचं आणि ती झोपायच्या आत तिच्या जागेवर फेस्क्यू उभा करायचा.

हरळीच आहे ना, हे आधी पाहा

क्रॅबग्रास नावाचं दुसरं तण आणि हरळी यांत फार गल्लत होते, कारण दोघींचे तुरे पंजासारखे असतात. हरळीच्या तुऱ्याची तीन ते सात बारीक बोटं एकाच टोकातून फुटतात. क्रॅबग्रासचं पान रुंद आणि फिकट पोपटी असतं. ते दर वसंतात बियांपासून उगवतं, पहिल्या दहिवराने मरतं, आणि उपटलं तर मुळासकट हातात येतं. हरळी उपटून पाहा: दोरीसारखी ओढत येते, पेऱ्यापेऱ्याला चिकटलेली मुळं कटकट तुटतात आणि शेवटी ती मध्येच तुटते. उरलेला भाग जमिनीतच. पान जिथे खोडाला मिळतं तिथे नखाने पान मागे वाकवलं तर पांढऱ्या बारीक केसांची झालर दिसते. उन्हात भिंग घेऊन एकदा पाहिलीत की पुन्हा चुकणार नाही.

हे ओळखणं महत्त्वाचं अशासाठी की क्रॅबग्राससाठी मार्चमध्ये टाकतात ते उगवण रोखणारं औषध जमिनीखालच्या काशांतून (आडव्या खोडांतून) उठणाऱ्या हरळीला काहीच करत नाही. लोक दोन-दोन वर्षं ते टाकत राहतात आणि हरळी मजेत वाढत राहते.

हिवाळ्यात काढायचा नकाशा

माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट जानेवारीत होते, आणि तिला पैसे पडत नाहीत. फेस्क्यू थंडीतही हिरवा राहतो, हरळी पेंढ्याच्या रंगाची होते. बर्फ नसलेल्या दिवशी वरच्या मजल्याच्या खिडकीतून लॉनचा फोटो काढा. पिवळे डाग आणि त्यांच्या कडा इतक्या स्वच्छ दिसतात की उन्हाळ्यात डोळे फाडून पाहिलं तरी तसं दिसणार नाही. खाली उतरून प्रत्येक डागाच्या कडेला बारीक झेंड्या रोवा किंवा कुंपण, झाड, नळ यांच्यापासून पावलं मोजून कागदावर लिहून ठेवा. दाट सावलीत पिवळा डाग दिसला तर मात्र थांबा. हरळीला सावली सोसत नाही, तिथे बहुतेक निंबलविल नावाचं दुसरंच गवत असतं. झॉयशिया हे लॉनचं गवतही थंडीत असंच पिवळं पडतं, तेव्हा शंका असेल तर वरची झालरीची आणि तुऱ्याची खूण उन्हाळ्यात तपासा.

खणून काढायची का?

आमच्याकडे आप्पा एप्रिल-मेमध्ये रान खोल नांगरून घ्यायचे आणि मागे आम्ही सगळे पाट्या घेऊन काशा वेचायचो. उरलेल्या काशा उन्हात वाळून खडखडीत व्हायच्या. नाशिककडचा उन्हाळा कोरडा असतो म्हणून ते जमतं. व्हर्जिनियात जुलैतही दर थोड्या दिवसांनी गडगडाटी पाऊस येतो. भाड्याचा टिलर आणून माती उलथलीत तर हरळीचे शेकडो तुकडे होतात आणि ओल्या मातीत प्रत्येक पेऱ्याला नवं मूळ फुटतं. एका डागाचे वीस डाग होतात. टिलर नकोच.

ताटाएवढा एखादा नवा डाग असेल तर मात्र खणणं सगळ्यात चांगलं. दिसतो त्यापेक्षा चारी बाजूंनी फूटभर जास्त घ्या, सहा इंच तरी खोल जा, आणि माती हाताने चाळून काशा वेचा. त्या पांढऱ्या, टणक, टोकाला अणकुचीदार असतात. कंपोस्टमध्ये टाकू नका, कचऱ्याच्या पिशवीत घाला. त्या जागी सप्टेंबर असेल तर लगेच फेस्क्यू पेरा, नाहीतर सॉडचा (मातीसकट तयार गवताचा) तुकडा बसवा. उघडी माती हरळीसाठी आमंत्रण असते.

मोठा डाग: औषध, आणि ते कधी

डाग मोठे असतील तर ग्लायफोसेट हे तणनाशक हा अजूनही सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. ते हरळीबरोबर फेस्क्यूही मारतं. पुष्कळ लोक इथेच कचरतात आणि अर्धवट फवारतात. डाग पूर्ण मारायची तयारी असेल तरच सुरुवात करा.

बाटली घेताना आतलं द्रव्य वाचा, वरचं नाव नव्हे. घरगुती वापराच्या अनेक बाटल्यांत आता ग्लायफोसेट नसतं, दुसरीच द्रव्यं असतात. नुसतं डायक्वॉट असेल तर वरची पानं करपतात आणि खालच्या काशा शाबूत राहतात. इमॅझापिक असेल तर ते मातीत बराच काळ टिकतं, पेरलेलं बी उगवणार नाही. पेरणीआधी किती थांबायचं हे लेबलवर छापलेलं असतं, आणि अमेरिकेत ते लेबल पाळणं कायद्याने बंधनकारक आहे.

पहिली फवारणी जुलैच्या मध्यानंतर. त्याआधी दोन आठवडे त्या डागावर मोअर फिरवू नका, पाऊस नसेल तर पाणी द्या. हे विचित्र वाटेल, पण औषध आत जातं ते हिरव्या पानातून, आणि काशांपर्यंत पोचतं ते झाड जोमात असेल तरच. तहानलेल्या, खरवडून कापलेल्या हरळीवर फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. नकाशातल्या कडेच्याही बाहेर फूट-दोन फूट मारा, कारण पुढचे धावते फुटवे फेस्क्यूच्या आत लपलेले असतात.

दहा-पंधरा दिवसांत सगळं तपकिरी होईल. म्हणजे मेली असं समजू नका. खुरप्याने एक काशी उकरा आणि नखाने तिची साल खरवडा. आत पांढरी आणि कडक असेल तर ती जिवंत आहे. तपकिरी, भुसभुशीत झाली असेल तर गेली. जिवंत असेल तर त्या जागेला पुन्हा पाणी द्या आणि नवीन हिरवे कोंब येऊ द्या. पहिल्या फवारणीनंतर तीन-चार आठवड्यांनी दुसरी. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या अगदी सुरुवातीला जे उरलं असेल त्यावर शेवटची. या शेवटच्या फवारणीचा गुण जास्त येतो, कारण तेव्हा हरळी थंडीसाठी साठा खाली पाठवत असते आणि त्याबरोबर औषधही खाली जातं.

वारा नसलेली सकाळ निवडा. पूर्ण पँट, बूट, हातमोजे घाला. वाळेपर्यंत मुलं आणि कुत्री लांब ठेवा.

पूर्ण उन्हातल्या जागेवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून भाजून काढायचा उपायही लोक करतात. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हात तो चांगला चालतो. आमच्याकडच्या ढगाळ, दमट उन्हाळ्यात त्याचा भरवसा कमी. औषध नकोच असेल तर दक्षिण उतारावर, गवत खरवडून कापून, माती भिजवून, कडा मातीत गाडून जून-जुलैत चार ते सहा आठवडे ठेवून पाहा.

फेस्क्यू न मारता फक्त हरळी दाबणारी औषधंही आहेत. टोप्रामेझोन आणि ट्रायक्लोपिर एकत्र, किंवा फ्लुअझिफॉप. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हापुन्हा मारावी लागतात, आणि ती हरळी दाबतात, समूळ नाहीशी करतातच असं नाही. टोप्रामेझोनने हरळी पांढरीफटक पडते, घाबरू नका. ते महाग आहे आणि त्याचं माप इतकं बारीक असतं की परवानाधारक माणसाकडून करून घेणं शहाणपणाचं. लॉनमध्ये केंटकी ब्लूग्रास असेल तर फ्लुअझिफॉप त्यालाही इजा करतं. ट्रायक्लोपिर टोमॅटो, मिरची, गुलाब यांना भोवतं, उन्हाच्या तडाख्यात त्याची वाफ उडते, तेव्हा भाजीच्या वाफ्याशेजारी ते नको. फुलझाडांच्या वाफ्यात शिरलेल्या हरळीला सेथॉक्सिडिम बरं. ते फक्त गवतांवर काम करतं. तरी तुमचं झाड लेबलच्या यादीत आहे का ते पाहूनच वापरा.

गणपतीच्या दूर्वा

आपल्या घरांपुरता एक मुद्दा. गणेश चतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येते, म्हणजे नेमकी फवारणीच्या दिवसांत. हरळी आणि दूर्वा एकच, त्यामुळे बरीच मंडळी शेजारच्या लॉनमधून किंवा रस्त्याकडेच्या पट्ट्यातून जुड्या खुडून आणतात. तिथे काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं. एका मोठ्या कुंडीत, डेकवर किंवा फरशीवर, मातीला टेकणार नाही अशी हरळी लावा. भरपूर ऊन, आठवड्यातून एकदोनदा पाणी. फुटवे कुंडीबाहेर लोंबायला लागले की कात्रीने कापा आणि तुरे येऊ देऊ नका. एका कुंडीतून एकवीस दूर्वांच्या जुड्या सहज निघतात, कोंब तीन पानांचा आणि कोवळा मिळतो, आणि पुढच्या वर्षी मैत्रिणींनाही देता येतो. मला हे फार मोलाचं वाटतं, म्हणून डाग मारायला घेण्याआधी मी प्रत्येकाला कुंडी भरायला सांगते.

पेरणी

शेवटच्या फवारणीनंतर, ग्लायफोसेट असेल तर साधारण आठवडाभराने, मेलेलं गवत मोअरने अगदी खाली कापून उचला. आमच्या भागात पेरणीचा महिना सप्टेंबर. ऑक्टोबरच्या मध्यानंतर पेरलेलं रोप थंडीआधी मूळ धरत नाही. वसंतात पेरू नका, कारण कोवळा फेस्क्यू आणि उठणारी हरळी समोरासमोर आले तर हरळीच जिंकते.

कोअर एअरेटर (मातीला भोकं पाडणारं यंत्र) दोन दिशांनी फिरवा किंवा भाड्याने स्लिट सीडर (चिरा पाडून बी पेरणारं यंत्र) आणा. लाउडनची माती चिकण आहे, नुसतं वरून बी टाकलं तर पावसात वाहून जातं. मोकळ्या जागेला १,००० चौरस फुटांना ६ ते ८ पौंड टॉल फेस्क्यू, असलेल्या गवतात भर घालायची तर साधारण निम्मं. केंटकी-३१ हे स्वस्त, जाड पानांचं जुनं वाण घेऊ नका. व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या विद्यापीठांनी चाचण्या करून शिफारस केलेल्या वाणांची यादी व्हर्जिनिया कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन या विद्यापीठांच्या शेतीसल्ला सेवेकडे मिळते, त्यातली दोन-तीन एकत्र करा. पाकिटावर तणाच्या बियांचं प्रमाण शून्य किंवा शून्याजवळ असायला हवं. पेरल्यावर दोन-तीन आठवडे वरचा थर ओला राहील इतपत, थोडं थोडं, दिवसातून दोनदा पाणी. त्या शरदात उगवण रोखणारं कुठलंही औषध टाकू नका, बहुतेक औषधांनी तुमचंच बी उगवणार नाही.

त्यानंतरची वर्षं

औषधाइतकंच काम मोअरची उंची करते. पातं साडेतीन ते चार इंचांवर ठेवा. उंच, दाट फेस्क्यूच्या सावलीत हरळीचा फुटवा पांढुरका, अशक्त होतो. एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) कंत्राटदाराने दोन इंचांवर कापलेलं लॉन म्हणजे हरळीला दिलेलं ऊन. त्याला उंची लिहून द्या, आणि मोअर आपल्या दारात येण्याआधी पात्याखालचा गवताचा थर झटकायला सांगा. हरळीचे तुकडे त्यातूनच घरोघर फिरतात. स्वतः कापत असाल तर हरळीचे डाग सगळ्यात शेवटी कापा आणि ते कापलेलं गवत पिशवीत घ्या.

नत्राचं खत सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. जून-जुलैत टाकलेलं खत हरळी खाते, शिवाय दमट रात्रींत फेस्क्यूवर ब्राउन पॅच नावाची बुरशी येते, गवत गोल डागांत मरतं आणि त्या मोकळ्या जागेत हरळी शिरते. पाणी रोज शिंपडण्याऐवजी आठवड्यातून एकदा-दोनदा, मिळून इंचभर, पहाटे.

दक्षिणेकडचा, झाड नसलेला उतार असेल आणि अर्ध्याहून अधिक हरळीने व्यापला असेल, तर मी तिथे फेस्क्यूचा हट्ट धरायला सांगत नाही. तो तुकडा हरळीला सोडून मध्ये सहा इंच खोल कडा बसवणं जास्त बरं, आणि कडेवरून उडी मारणारे फुटवे दर आठवड्याला कापणं. बाकीच्या लॉनला दोन-तीन उन्हाळे लागतील असं धरून चाला. दुसऱ्या वर्षी मेच्या शेवटी झेंड्यांच्या जागा आणि ड्राइव्हवे, फूटपाथ, कर्ब यांच्या कडा गुडघ्यावर बसून तपासा. काँक्रीट तापतं, तिथे हरळी सगळ्यात आधी जागी होते, आणि त्या दिवसांत एकेकटे कोंब स्पंजच्या ब्रशने औषध लावून निपटता येतात.