रायडर-ड्रायव्हर लोकांनो, तासाला हातात खरे किती पडतात ते असं काढा

आधी एक गोष्ट क्लिअर करू. डिलिव्हरीवाल्याला तासाला कमीत कमी एवढे मिळालेच पाहिजेत असा कायदा आपल्याकडे नाहीये. किमान वेतन कामगाराला असतं आणि ॲपवाले आपल्याला पार्टनर म्हणतात, झालं, विषय संपला. नोव्हेंबर २०२५ ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली त्यात गिग कामगार (म्हणजे ॲपवर काम करणारे आपण) आहेत पण ते विमा, पेन्शन असल्या योजनांपुरते, कंपनीने टर्नओव्हरच्या १ ते २ टक्के फंडात टाकायचे वगैरे, रेटचं त्यात काही नाही. म्हणजे हिशोब आपला आपल्यालाच ठेवायला लागतो.

आणि हिशोबात सगळ्यात मोठी गोची आहे वेटिंगची. हॉटेलबाहेर गाडी लावून ऑर्डरची वाट बघता ना, तो टाईम पण धरायचा. लॉगिन केलं तिथून लॉगआउटपर्यंत, मधे घरी जेवायला गेलात तर तेवढा वजा. आता समजा ११ तास लॉगिन, इन्सेंटिव्ह धरून १०५० रुपये, गाडी फिरली १३० किलोमीटर. ४५ चं ॲव्हरेज आणि १०४ रुपये लिटर धरलं तर पेट्रोल ३०० गेलं, टायर, ऑइल, चेन, सर्व्हिसिंगला किलोमीटरमागे १ रुपया धरा म्हणजे १३०, रिचार्ज आणि बारीकसारीक २०. उरले ६००, म्हणजे तासाला ५५ च्या आसपास. हेच ऑर्डरवर होतो तेवढेच ६ तास धरले की १०० दिसतात! परत रिकामं येतानाचे किलोमीटर ॲपमध्ये नसतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ गाडीच्या मीटरचा फोटो काढा.

परदेशात पण भांडण याच्यावरच आहे. न्यूयॉर्कमध्ये फूड डिलिव्हरीवाल्यांसाठी एप्रिल २०२५ पासून ताशी २१.४४ डॉलरचा रेट होता आणि तो ठरवताना वेटिंग धरलेलं, पण कॅलिफोर्नियात जी गॅरंटी आहे ती फक्त ऑर्डर किंवा राइड हातात असताना, मधला टाईम गेला पाण्यात.

कॅबवाल्यांचं जरा बरंय, त्यांच्याकडे धरायला आकडा तरी आहे. केंद्राच्या जुलै २०२५ च्या गाईडलाइन्सप्रमाणे स्वतःची गाडी असेल तर भाड्याचे किमान ८० टक्के ड्रायव्हरचे. मुंबई परिसरात सप्टेंबर २०२५ ला ॲप कॅबचा बेस रेट २२.७२ रुपये किलोमीटर ठरला, गर्दी नसताना जास्तीत जास्त २५ टक्के कमी, गर्दीत दीडपट. म्हणजे अगदी पडत्या रेटला पण १७.०४. १० किलोमीटरचे १७० झाले तर त्यातले १३६ तुमचे. कस्टमरला सरळ विचारा दादा बिल किती आलं, टोल-टॅक्स बाजूला काढा आणि तुमच्या पेआउटशी लावून बघा. झिरो कमिशनवाली ॲप असेल (म्हणजे ट्रिपमागे कमिशन नाही, त्याऐवजी पासचे ठराविक पैसे) तर रोजचा पास खर्चात धरा, लोक हे हमखास विसरतात. फरक एखाद-दोन ट्रिपमध्ये आला तर सोडून द्या, रोजचंच असेल तर तारीख, बिल, पेआउट असा तक्ता करून आधी ॲपमध्ये तक्रार टाका, तिकीट नंबर घ्या, मग आरटीओत लेखी अर्ज द्या आणि कॉपीवर पोचेचा शिक्का मारून घ्या. तोंडी सांगून कुणी हलत नाही. आणि एकट्याने जाण्यापेक्षा स्टँडवरचे आठ-दहा जण मिळून गेलेलं कधीही चांगलं.

ई-श्रमवर, म्हणजे केंद्राच्या असंघटित कामगारांच्या पोर्टलवर, नाव नसेल तर तेही उरकून घ्या, आधार आणि त्याला लिंक असलेला मोबाईल लागतो. वरच्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या डिसेंबर २०२५ च्या मसुदा नियमांत योजनांसाठी वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस, अनेक ॲप मिळून असेल तर १२० दिवस काम अशी अट होती, त्यामुळे किती दिवस काम केलं त्याचा पुरावा पण लागणारच.

स्क्रीनशॉट रोजच्या रोज काढा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवा, कारण आयडी ब्लॉक झाला की आतली हिस्ट्री बघायला मिळेल याचा भरवसा नाही.