कढईतलं जळकं तेल बायोडिझेलसाठी गोळा करायचं, तर असं

लातूरच्या ट्यूशन भागात मुलांच्या खानावळी, नाष्टा सेंटर आणि वडापावचे गाडे एकमेकांना लागून आहेत. तेल गोळा करायला निघणाऱ्यानं अशाच भागातून सुरुवात करावी. मी तशीच केली. एका गल्लीत दहा कढया असल्या तर फेरी परवडते. दहा गावांत एकेक कढई असली तर तेलाच्या पैशांपेक्षा गाडीचं डिझेलच जास्त जातं.

आधी घेणारा ठरवा, मग कॅन आणा. वापरलेलं तेल बायोडिझेलकडे, म्हणजे तेलापासून बनणाऱ्या डिझेलसारख्या इंधनाकडे, वळवायची 'रुको' ही मोहीम एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू केली. त्यांच्याकडे नोंद असलेल्या संकलकाशी नाहीतर बायोडिझेल कारखान्याशी बोला आणि दर काय, किती माल साठला की गाडी येणार, पाणी निघालं तर किती कापणार, हे सगळं कागदावर घ्या. व्यवहार किलोवर करा. एक लिटर तेल नऊशे दहा-वीस ग्रॅम भरतं, म्हणजे वीस लिटरचा कॅन काट्यावर अठरा किलोच्या आसपास येतो. हे आधीच समजावून सांगितलं नाही तर हॉटेलवाल्याला वाटतं आपण मापात मारलं.

दराचं बोलणं गल्ल्यावर मालकाशी होतं, पण तेल असतं मावशींच्या आणि वस्तादांच्या हातात. म्हणून मी दर ठरला की आत भटारखान्यात जाते. "मावशी, कढई उतरवल्यावर तेल निवू द्या. हात लावता येईल एवढं झालं की कोरड्या पंच्यातून गाळून यात ओता. खरकटं पाणी, भाजीचा रस्सा, यातलं काही पडू देऊ नका." गरम तेल ओतलं तर प्लास्टिकचा कॅन मऊ पडतो आणि कुणाच्या तरी पायावर भाजतं, हेही त्यांना सांगा. त्यांनी मनावर घेतलं तर तुमचं निम्मं काम तिथंच होतं.

पाण्यावर मी एवढी का अडते? कारखान्यात या तेलात मिथेनॉल आणि सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून ते गरम करून ढवळतात. चांगल्या शंभर किलो तेलातून जवळपास शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलोच्या आसपास ग्लिसरीन निघतं. तेलात पाणी असेल, किंवा पुन्हा पुन्हा तापवून त्यातलं आम्ल वाढलं असेल, तर त्याचा साबण होतो. मग ग्लिसरीन नीट खाली बसत नाही आणि सगळा घाणा बिघडतो. भज्यांचा, वड्यांचा चुराही तेवढाच वाईट. त्यात ओल असते आणि तो तळाशी बसून तेल खराब करत राहतो.

तपासायला मशीन लागत नाही. कॅनच्या तळातलं थोडं तेल पळीत घ्या, तोंड लांब ठेवून मंद आचेवर धरा. तडतडलं तर पाणी आहे. असा कॅन दोन-तीन दिवस हलवू नका, मग वरचं स्वच्छ तेल काढून घ्या आणि खालचा गाळ वेगळा ठेवा. कॅन पाण्यानं धुवायचा नाही. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते २०१६ साल ज्यांनी लातुरात काढलं, त्यांना कॅन धुण्यात पाणी घालवणं तसंही पटणार नाही. उपडा ठेवून निथळवा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. पुसलेली फडकी मात्र ढीग करून पत्र्याच्या खोलीत टाकू नका. सोयाबीनच्या, करडईच्या तेलानं भिजलेली फडकी ढिगात आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवा.

फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही स्वच्छ दिसला तरी नको. गॅरेजमधलं काळं ऑइल यात एक थेंबही नको. तांब्या-पितळेच्या भांड्यातही साठवू नका, तेल लवकर खराब होतं. थंडीत पामतेल थिजतं आणि कॅनमधून उतरत नाही, तेव्हा कॅन दुपारच्या उन्हात ठेवा. पावसाळ्यात ड्रमची झाकणं रोज बघा.

घराघरांतून रोज काही मिळत नाही. आषाढ तळताना, नवरात्रात साबुदाणा वड्यांच्या दिवसांत आणि दिवाळीच्या फराळानंतर मात्र अपार्टमेंटच्या जिन्याखाली एक कॅन ठेवला तर तेल मोरीत जात नाही. लग्नसराईत आचाऱ्यांना आधीच फोन करून ठेवा. ते तेल नाहीतर मंगल कार्यालयामागं ओतलं जातं.

शेतकरी भाऊ विचारतात, गाळलेलं तेल ट्रॅक्टरमध्ये चालेल का? नाही. ते घट्ट असतं, इंजेक्टर चोंदतात. घरी बायोडिझेल करायच्याही भानगडीत पडू नका. मिथेनॉल विष आहे, त्याच्या वाफा पटकन पेटतात आणि ज्वाला दिवसाउजेडी नीट दिसतही नाही.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात पोलर घटक, म्हणजे तेल बिघडल्याची खूण असलेले पदार्थ, तयार होतात; ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खायला वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. दिवसाला पन्नास लिटरच्या वर तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याची नोंदही ठेवायची असते. तरीही हेच तेल स्वस्तात दुसऱ्या गाड्यावर जातं आणि आपलीच पोरं त्यातले समोसे खातात. छोट्या गाडेवाल्याला कायद्याचा धाक दाखवू नका. त्याला रोख पैसे आणि पावती द्या, ठरलेल्या दिवशी न चुकता जा. त्याला तेल टाकायला दुसरा रस्ता नसतो, म्हणूनच तो ते पुन्हा वापरतो.

वहीत तारीख, दुकान, किलो आणि पुढं कुणाला दिलं, हे चारही रकाने भरा. कधीतरी कुणी जास्त दर घेऊन येईल, वर सांगेल की तेल कुठं जातं ते विचारू नका. त्याला एक थेंब देऊ नका. कारखान्याची गाडी उशिरा येणार असेल तर ड्रम सावलीत, झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवा आणि गाडी आल्यावर आपल्या काट्यावर वजन करूनच चढवा.