क्यूजीआयएसमध्ये पहिला नकाशा: विहिरींची यादी नकाशावर

क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचं मोफत सॉफ्टवेअर आहे. शिकायला आपल्याच गावातल्या वीस-पंचवीस विहिरींची यादी घ्या: नाव, अक्षांश, रेखांश. अंश दशांशात लिहा (18.5204), अंश-मिनिटांत नको. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून, यूटीएफ-8 या अक्षर-संकेतनात जतन करा, नाहीतर मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात.

आता लेयर > ॲड लेयर > ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर. एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. इथे बहुतेकांची अदलाबदल होते आणि पुण्याची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. सीआरएस (निर्देशांक पद्धत) म्हणून ईपीएसजी:4326, म्हणजे साधे अक्षांश-रेखांश, निवडा.

खरी गोम पुढे आहे. 4326 मध्ये एकक अंश असतं; तिथे 500 चा बफर (बिंदूभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ) म्हणजे 500 अंश! मीटरमध्ये मोजायचं तर लेयरवर (नकाशाच्या थरावर) राइट क्लिक करून एक्स्पोर्ट > सेव्ह फीचर्स ॲज, फॉरमॅट जिओपॅकेज (नकाशाची माहिती साठवणारी फाइल), सीआरएस ईपीएसजी:32643 (मीटरमध्ये मोजणारी पद्धत). नागपूर, चंद्रपूरकडे, म्हणजे 78 अंश रेखांशाच्या पूर्वेला, 32644. ‘सेट लेयर सीआरएस’ने हे काम होत नाही, त्याने फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात आणि बिंदू भलतीकडे पडतात.

मग व्हेक्टर > जिओप्रोसेसिंग टूल्स > बफर, अंतर 500 मीटर. एकमेकांवर येणारी वर्तुळं एकत्र हवी असतील तर ‘डिझॉल्व्ह’वर खूण करा. तयार झालेला लेयर तात्पुरता असतो, प्रोजेक्ट जतन केला तरी तो जतन होत नाही. तो लगेच जिओपॅकेजमध्ये साठवा. शेपफाइल (नकाशाच्या माहितीचा जुना फॉरमॅट) टाळलेलीच बरी: तिच्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांवर तुटतं.