लिनक्सवर नवा डेस्कटॉप टाकताय? या चुका टाळा

विंडोजवर वाढलेल्या माणसाला एक सवय हमखास असते: काही अडलं की फॉरमॅट मारायचा. लिनक्सवर डेस्कटॉप बदलताना हीच सवय सगळ्यात महागात पडते. कारण इथे डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू आणि पॅनेल दाखवणारा भाग, हा सिस्टिमचा एक सुटा भाग आहे. तळाशी कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ग्राफिक्स ड्रायव्हर, त्यावर लॉगिन स्क्रीन दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर, मग ग्नोम, केडीई प्लाझ्मा किंवा एक्सएफसीईचं सेशन, आणि सगळ्यात वर तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंग्ज. बिघाड बहुतेक वेळा यातल्या एकाच थरात असतो. तो कुठला हे कळलं की निम्मं काम झालं.

पुढचं सगळं उबंटू आणि डेबियन हे लिनक्सचे दोन प्रकार धरून लिहिलंय. कमांड इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या.

व्हिडिओत दिसलं म्हणजे आपल्याला मिळेलच असं नाही

प्लाझ्माची सहावी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. उबंटू २४.०४ त्यानंतर दोन महिन्यांनी आलं, पण त्यात प्लाझ्मा ५.२७ च आहे. व्हिडिओतला पॅनेल आपल्याकडे दिसत नाही म्हणून लोक कुठल्या तरी अनोळखी पीपीए (उबंटूच्या अधिकृत साठ्याबाहेरचे सॉफ्टवेअरचे साठे) जोडत सुटतात आणि पुढच्या अपडेटला सगळं अडकतं. नवीन प्लाझ्मा हवं असेल तर ते ज्यात मुळातच आहे अशी आवृत्ती घ्या. डेबियन १३ मध्ये प्लाझ्मा ६.३ आहे. जुने लेखही तपासून वापरा. एखाद्या लेखात ‘जीकेसू’ (ग्राफिकल प्रोग्राम ॲडमिनच्या अधिकाराने चालवणारं जुनं साधन) वापरायला सांगितलं असेल तर टॅब बंद करा. ते २०१८ सालीच उबंटूतून आणि डेबियनमधून काढून टाकलं गेलं.

एकावर एक डेस्कटॉप चढवणं

उबंटूवर ‘कुबंटू-डेस्कटॉप’ टाकलं की नुसतं प्लाझ्मा येत नाही, कुबंटूचा सगळा संसार येतो: दुसरा फाइल मॅनेजर, दुसरा टर्मिनल, दुसरं सॉफ्टवेअर सेंटर. मेनूत प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते. पासवर्ड साठवायला ग्नोमचा कीरिंग आणि केडीईचं वॉलेट, दोन्ही पुढे येतात. ‘केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप’ हे पॅकेज त्या मानाने आटोपशीर आहे.

माझं स्पष्ट मत: एकच डेस्कटॉप वापरायचा असेल तर ही कसरत करू नका. कुबंटू (प्लाझ्मावालं उबंटू) किंवा झुबंटू (एक्सएफसीईवालं) पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, वायफाय, आवाज, स्क्रीनचा ब्राइटनेस चालतोय का पाहा, आणि आवडलं तर सरळ तेच टाका. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करायची असेल तरच एकावर एक.

मधेच येणारा तो प्रश्न

इन्स्टॉल चालू असताना टर्मिनलमध्ये अचानक एक रंगीत चौकट उघडते आणि विचारते की डिफॉल्ट डिस्प्ले मॅनेजर कोणता, ‘जीडीएम३’ की ‘एसडीडीएम’. माउसने क्लिक केलं तर काही होत नाही. लोकांना वाटतं अडकलं, आणि ते खिडकी बंद करतात. इथे बाणाच्या बटणांनी निवडायचं, टॅब दाबून ‘ओके’वर जायचं आणि एंटर मारायचं. जीडीएम ग्नोमचा, एसडीडीएम प्लाझ्माचा. पण कोणताही निवडला तरी दोन्ही डेस्कटॉप उघडतात. मत बदललं तर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३’ दिल्यावर हाच प्रश्न पुन्हा येतो (‘सुडो’ म्हणजे पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवा).

खिडकी आधीच बंद केली असेल, किंवा नेमकी तेव्हाच वीज गेली असेल, तर पुढच्या वेळी एपीटी, म्हणजे पॅकेजेस टाकणारा-काढणारा प्रोग्राम, ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असं म्हणून काम करायचं नाकारतो. त्याच ओळीत उपायही लिहिलेला असतो: ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. तो चालवा, मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. अर्धवट राहिलेलं काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

यादी न वाचता ‘वाय’ दाबणं

कॅनडातले यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन यांनी २०२१ साली पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेम्सचं ॲप टाकायला घेतलं. पॅकेजमधल्या एका घोळामुळे एपीटीने स्टीमसाठी अख्खा डेस्कटॉपच काढायचं ठरवलं, तसा इशाराही दिला, आणि पुढे जायचं तर ‘यस, डू ॲज आय से!’ असं आख्खं वाक्य टाइप करायला सांगितलं. त्यांनी ते केलं आणि डेस्कटॉप गेला. लोक त्यांना हसले. पण इतकी मोठी यादी कोण वाचतं, हा प्रश्न रास्तच होता. नंतर एपीटीतही बदल करून असली पॅकेजेस काढणं अवघड करण्यात आलं.

पूर्ण यादी नका वाचू, पण ‘विल बी रिमूव्हड’ (डेबियन १३ मध्ये ‘रिमूव्हिंग’) या शब्दांखालची वाचाच. प्लाझ्मा आवडलं म्हणून ग्नोम काढताना तिथे ‘नेटवर्क-मॅनेजर’ किंवा तुमचा चालू डिस्प्ले मॅनेजर दिसला तर ‘एन’ दाबा. ‘उबंटू-डेस्कटॉप’ दिसलं तर लगेच घाबरायचं कारण नाही, ते नुसतं यादीवजा पॅकेज आहे. धोका त्यानंतर सवयीने चालवलेल्या ‘ऑटोरिमूव्ह’मध्ये असतो, कारण ती आता कुणाला लागत नाहीत असं वाटणारी पॅकेजेस काढून टाकते. घोळ झालाच तर ‘/व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग’ या फाइलमध्ये कधी काय काढलं हे नावानिशी सापडतं.

पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिन स्क्रीन

पासवर्ड दिला, पडदा क्षणभर काळा झाला, आणि परत लॉगिन स्क्रीन. इथे बहुतेक जण पेनड्राइव्ह शोधायला उठतात. त्याआधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर ‘लॉगिन:’ आलं तर सिस्टिम ठणठणीत आहे, भानगड वरच्या थरांत आहे. नाव आणि पासवर्ड टाका. टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. तो बिघाड नव्हे.

आधी ‘डीएफ -एच’ चालवा. ज्या ओळीच्या शेवटी नुसतं ‘/’ आहे तिथे १०० टक्के दिसलं तर कारण सापडलं. सेशन सुरू होताना लहानसहान फाइली लिहाव्या लागतात, जागा नसली की ते तुम्हाला बाहेर फेकतं. ‘सुडो एपीटी क्लीन’ने उतरवलेल्या पॅकेजेसची साठवण जाते आणि बहुधा आत शिरण्यापुरती जागा होते.

जागा असेल तर ‘एलएस -एलए’ देऊन होम फोल्डरमधल्या ‘.एक्सऑथॉरिटी’ आणि ‘.आयसीईऑथॉरिटी’ या लपलेल्या फाइलींचा मालक पाहा. तुमच्या नावाऐवजी ‘रूट’ (सिस्टिमचा ॲडमिन) असेल तर कधीतरी ग्राफिकल गोष्ट ‘सुडो’ लावून चालवली गेली आहे. ‘सुडो चोन’ने मालकी स्वतःकडे घ्या.

तरी जमलं नाही, तर सगळ्यात कामाची युक्ती: ‘सुडो ॲडयूजर चाचणी’. नवा यूजर तयार करा आणि त्या नावाने लॉगिन करा. तो आत गेला तर दोष तुमच्या सेटिंग्जमध्ये आहे, सिस्टिममध्ये नाही. मग ‘.कॉन्फिग’ फोल्डरचं नाव बदलून पुन्हा लॉगिन करा, कोऱ्या सेटिंग्ज तयार होतील. तो फोल्डर डिलीट मात्र करू नका. क्रोमचे बुकमार्क त्यातच असतात.

नवा यूजरही बाहेर फेकला गेला तर लॉगिन स्क्रीनवर दुसरं सेशन निवडून पाहा. उबंटूच्या नेहमीच्या स्क्रीनवर त्यासाठीचं चाकासारखं चिन्ह आधी नावावर क्लिक केल्याशिवाय दिसतच नाही, म्हणून अनेकांना ते सापडत नाही.

आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ३ लाही पडदा काळाच? मग संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, त्यातून एनव्हिडिया असेल तर जास्तच. ग्रबच्या मेनूत (मशीन सुरू होताना येणारी सिस्टिम निवडायची यादी) ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो. आत गेल्यावर उबंटूवर ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’. सिक्युअर बूट (अनोळखी ड्रायव्हर अडवणारी मशीनची सुरक्षा) चालू असेल तर पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि रीस्टार्टनंतर एक निळा पडदा काही सेकंदच थांबतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ‘कंटिन्यू बूट’ केलं तर ड्रायव्हर टाकलेला असूनही चालत नाही, आणि लोक तो पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

मराठी टाइप होत नाही

डेस्कटॉप बदलल्यावर आपल्याकडची ही नेहमीची तक्रार. इनस्क्रिप्ट येत असेल तर वेगळं काही लागतच नाही. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भारतीय लेआउटच्या यादीत मराठीचा एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट आहे, तो जोडा. रोमन अक्षरांवरून फोनेटिक लिहिणाऱ्यांना ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज हवं. ग्नोममध्ये ते टाकून एकदा लॉगआउट केलं की मराठीचे पर्याय यादीत येतात. प्लाझ्मात वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) सेशन असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’खाली ‘आयबस वेलँड’ निवडावं लागतं. व्हर्च्युअल कीबोर्ड म्हणजे पडद्यावरचा, असं समजून लोक तिकडे फिरकतच नाहीत. एक्सएफसीईत ‘आयएम-कॉन्फिग’ चालवून आयबस निवडा आणि लॉगआउट करा. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर कीबोर्डला हात लावू नका, फॉन्ट नाहीत, ‘फॉन्ट्स-देवा’ टाका.